दांडी एका दिवसाची, हिशेब वर्षाचा

कर्नाटकातील शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात आणि महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्याला. मधले पंधरा दिवस बेळगावच्या मराठी घरांत कसे जातात, हे आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगायला नको. कोल्हापूरच्या मावशीकडे मुले सुट्टीला गेलेली असतात. मावशीच्या मुलांची शाळा अजून सुरू व्हायची असते. "राहू देत आणखी आठ दिवस, सुरुवातीला कुठे काय शिकवतात," असे फोनवर ठरते. इकडे शाळेत पुस्तके वाटली जातात, मागच्या वर्षीची उजळणी होते, नवीन धडा सुरू होतो, आणि मूल आठवडाभर उशिरा येऊन मागच्या बाकावर बसते.

आपल्या मंडळातील आम्ही काही निवृत्त मंडळी गेली काही वर्षे बक्षिसे, वह्यावाटप, गणिताच्या शिकवण्या अशा निमित्ताने मराठी शाळांत जात-येत आहोत. शिक्षकांशी गप्पा होतात तेव्हा इमारत, पटसंख्या, रिक्त जागा हे विषय निघतातच. पण वर्गशिक्षिका बाई आवाज खाली आणून जे सांगतात ते वेगळेच असते. "नाव पटावर आहे हो, पण मूल वर्गात कुठे आहे?" या लेखात आम्ही त्या प्रश्नापुरतेच लिहिणार आहोत.

गैरहजेरी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात मूल शाळा सोडतेच. त्याकडे सरकारचे आणि न्यायालयाचेही लक्ष जाते. 2013 मध्ये शाळाबाह्य मुलांविषयीच्या वृत्तपत्रातील बातमीची कर्नाटक उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. दुसऱ्या प्रकारात मूल शाळेत असते, पण दर महिन्याला दोन-तीन दिवस येत नाही. त्याची बातमी होत नाही आणि घरी काळजीही कोणी करत नाही. आपल्या समाजात पहिला प्रकार आता कमी दिसतो. दुसरा मात्र घरोघरी आहे, आणि त्यात शिकलेली, नोकरदार घरेही आली.

थोडा हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस सांगितले आहेत. सातवीतला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. शाळा उघडताना सात दिवस, दिवाळीला पाच, दोन लग्नांचे मिळून चार, यात्रेचे तीन, शेतातल्या कामाचे किंवा घरच्या अडचणीचे पाच, आजारपणाचे सहा. हे झाले 30 दिवस. यातल्या एकाही दिवसाला कोणी चैन म्हणणार नाही. प्रत्येक दिवसाला कारण आहे. तरी 220 पैकी 190 दिवस भरले, म्हणजे हजेरी 86 टक्के.

फसगत होते ती या आकड्यावर. परीक्षेत 86 टक्के मिळाले तर आपण पेढे वाटू. त्यामुळे हजेरी 86 टक्के म्हटली की पालकांना समाधान वाटते. पण याच चालीने दहा वर्षे गेली तर बुडालेले दिवस 300 होतात. म्हणजे दहावीला बसणारा मुलगा प्रत्यक्षात एक पूर्ण शालेय वर्ष आणि वर आणखी काही महिने कमी शिकून बसतो. इंग्लंडमध्ये 10 टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाची 'सातत्याने गैरहजर' अशी वेगळी नोंद होते. 220 दिवसांवर ती मर्यादा 22 दिवसांची येते. आपल्या उदाहरणातला मुलगा ती कधीच ओलांडून गेला. आपल्याकडे मात्र डोक्यात एकच आकडा असतो, तो दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी लागणाऱ्या 75 टक्के हजेरीचा. तो खरे तर परीक्षेच्या दारात अडवण्यासाठीचा आकडा आहे. तेवढी हजेरी भरली म्हणजे अभ्यास पुरेसा झाला, असा अर्थ त्यातून निघत नाही.

हे फक्त आपल्याच गावचे दुखणे नाही. 'असर' 2024 च्या पाहणीत देशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत भेटीच्या दिवशी हजर असलेली मुले सुमारे 76 टक्के होती. पटावरच्या चार मुलांपैकी एक त्या दिवशी वर्गात नव्हते. 2018 च्या मानाने हा आकडा थोडा सुधारला आहे, हेही नमूद करायला हवे.

तरीही सीमाभागातील मराठी घरांच्या काही अडचणी वेगळ्या आहेत. आपण दोन कॅलेंडरांवर जगतो. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याची असते, दिवाळीला मोजके दिवस मिळतात. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडे मोठी सुट्टी दिवाळीची. लेकी माहेरी येतात त्या दिवाळीत, भाऊबीज पुण्याला होते ती दिवाळीत. त्यामुळे आपली मुले दसऱ्याला सरकारी सुट्टी घेतात आणि दिवाळीला घरची. मे महिन्यात तोच प्रकार उलटा होतो. शिवाय गावोगावच्या महालक्ष्मी यात्रा, पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराची वारी, आषाढीला आजोबांबरोबर पंढरपूर. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात जुलैत रोप लावणी, दिवाळीनंतर भाताची सुगी. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाचा जोर असला की ओढ्याला पाणी येते आणि लहान मुलाला पाठवायचा धीर होत नाही. यातले काहीच आम्हांला हसण्यावारी न्यायचे नाही. भाऊबीज सोडा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण हे सगळे दिवस एकाच मुलाच्या हजेरीपटावर येऊन पडतात, हे तरी आपल्याला माहीत असायला हवे.

नुकसान कुठे होते, तेही पाहू. मराठीचा धडा बुडाला तर घरात आजी आहे, वर्तमानपत्र आहे, भरून निघतो. इतिहास-भूगोलही वाचून निघतो. गणिताचे तसे नाही. अपूर्णांकाच्या बेरजेचे तीन दिवस गेले की पुढचे गुणाकार-भागाकार हवेत तरंगतात. आणि आपल्याकडे याहून अवघड विषय कन्नडचा. 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर राज्यातील शाळांत कन्नड शिकणे आवश्यक झाले आहे. त्यावरचे राजकारण वेगळे, पण मुलाला पुढे कॉलेजात, बँकेत, तालुक्याच्या कचेरीत ही भाषा लागणारच. अनेक मराठी घरांत कन्नड वाचता येणारे कोणी नसते. बुडालेला कन्नडचा तास त्या घरात भरून निघायला जागा नाही. कोल्हापूरहून आणलेले मार्गदर्शकही इथे कामाला येत नाही, कारण अभ्यासक्रम वेगळा आणि पुस्तके कर्नाटकची. मराठी माध्यमाच्या मुलाला शाळेबाहेर आधार कमी, म्हणून शाळेतला दिवस त्याला इतरांपेक्षा जास्त मोलाचा.

आणखी एक गोष्ट आपण उघडपणे बोलत नाही. मराठी शाळा टिकवा म्हणून आपण निवेदने देतो, सभा घेतो. पण ज्या वर्गात वीसपैकी अकरा मुले बसलेली दिसतात, त्या वर्गाकडे बघून पुढच्या वर्षीचा पालक आपले मूल दुसरीकडे घालतो. पट कमी झाला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की दोन वर्ग एकत्र बसतात, आणि मग शाळा चालत नाही असे म्हणायला सगळे मोकळे. नाव नोंदवण्याइतकेच मूल रोज पाठवणे हेही शाळा टिकवण्याचेच काम आहे.

जबाबदारी कोणाची, याबाबत कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 10 मध्ये मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे. कलम 24 मध्ये शिक्षकांची कर्तव्ये आहेत. शिक्षकाने स्वतः नियमित आणि वेळेवर यावे, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी, असे त्यात म्हटले आहे. हजेरीचा उल्लेख तिथे नावानिशी आहे. कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया. आपल्याकडे सरकारी शाळांत तिला एसडीएमसी म्हणतात. म्हणजे पालक आणि शाळा यांनी एकत्र बसण्याची जागा कायद्याने करून ठेवलेली आहे. त्या जागेवर आपण काय बोलतो, हा प्रश्न आहे. आम्ही पाहिलेल्या बैठकांत कंपाउंडची भिंत, स्वच्छतागृहाचे दार, पाण्याची टाकी, स्वातंत्र्यदिनाचा खाऊ हे विषय झाले. हजेरीपट टेबलावर आलेला क्वचितच पाहिला.

पालकांना दंड करावा का, असेही कोणी विचारतात. इंग्लंडमध्ये तसा दंड आहे, आणि ऑगस्ट 2024 पासून तो 60 वरून 80 पौंडांवर गेला. आमच्या मते आपल्याकडे हा मार्ग चालणार नाही आणि चालूही नये. उद्यमबागेत पाळी करणाऱ्या बापाला किंवा रोजगाराला जाणाऱ्या आईला दंड लावला तर ती माणसे शाळेच्या पायरीवर यायचीच बंद होतील.

इथे आमचा जुना अनुभव उपयोगी पडतो. आमच्यापैकी बहुतेकांचे आयुष्य बँकेत गेले. कर्जाचे खाते बुडते ते एका दिवसात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हप्ता थकला की खाते 'एसएमए-0' या यादीत जाते. 30 दिवस ओलांडले की 'एसएमए-1', 60 ओलांडले की 'एसएमए-2', आणि 90 दिवस ओलांडले की ते अनुत्पादक ठरते. या पायऱ्या करण्यामागचे कारण साधे आहे. पहिल्या हप्त्याला विचारपूस केली तर बहुतेक खाती सावरतात. तिसऱ्या महिन्यात नोटीस घेऊन गेले तर दार उघडत नाही. आणि आणखी एक शिकलो ते असे की पहिला फोन वसुलीच्या सुरात करायचा नसतो. "काय झाले, सगळे ठीक ना?" असे विचारले की खरे कारण कळते. कोणाचे पीक गेलेले असते, कोणाच्या घरात दवाखाना असतो, कोणी तारीखच विसरलेला असतो. कारण तीन असले तर उपायही तीन असतात.

शाळेत मुलाच्या बाबतीत आपण थेट शेवटच्या पायरीवर बोलतो. जानेवारीत दहावीच्या मुलाच्या घरी निरोप जातो की हजेरी कमी पडते आहे, परीक्षेला बसता येईल की नाही सांगता येत नाही. बाप धावत येतो, हात जोडतो, दवाखान्याचे कागद आणतो. तोवर शिकायचे दिवस गेलेले असतात. तेच काम जूनमध्ये, पहिल्या दांडीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता एका फोनने झाले असते.

मात्र हे सारे शिक्षकांवर ढकलून मोकळे होता येणार नाही. एका बाईंकडे दोन वर्ग, 'सॅट्स'ची ऑनलाइन नोंदणी, दुपारच्या जेवणाची आणि दुधाची नोंद, त्यात सरकारी कामे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील सामाजिक-शैक्षणिक गणतीसाठी शिक्षकांना घरोघर पाठवले गेले आणि सरकारी व अनुदानित शाळांची दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. त्यानंतर लगेच दिवाळी आली. ज्या वर्षी शाळाच इतके दिवस बंद राहते, त्या वर्षी "मुलाला रोज पाठवा" असे पालकांना सांगताना शिक्षकांनाही अवघड होते. पालकांनी नियम पाळावेत असे वाटत असेल तर शाळेचे दिवसही सरकारने जपायला हवेत, हे आपण निवेदनात लिहायला हवे.

आणि काही वेळा मूल घरी राहते त्याचे कारण शाळेतच असते. गृहपाठ झाला नाही म्हणून उभे राहावे लागेल ही भीती. मोठ्या मुलांची चिडवाचिडवी. आठवी-नववीच्या मुलींच्या बाबतीत स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, हे महिन्यातल्या ठराविक दिवसांच्या दांडीमागचे सरळ कारण असते. ते मुलगी बाबांना सांगणार नाही आणि सरांनाही नाही. बाईंना सांगेल, आईला सांगेल. म्हणून एसडीएमसीत निम्म्या स्त्रिया असणे हे केवळ कागद भरण्यापुरते राहता कामा नये. दुसरीकडे, दोन दिवस घरी राहून परत आलेल्या मुलाला वर्गासमोर "आले का पाहुणे?" म्हणून विचारणेही थांबायला हवे. त्या शब्दाच्या भीतीने तिसरा दिवसही बुडतो. परत आलेल्या मुलाला बुडालेले काय ते शांतपणे दाखवून देणे, शेजारच्या मुलाची वही मिळवून देणे, एवढे केले तरी पुष्कळ.

करता येण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत, आणि कोणाच्या मंजुरीसाठी थांबाव्यात अशाही नाहीत.

जूनच्या पहिल्या पालकसभेत वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर लावावे. शाळेच्या सुट्ट्या, चाचण्या, गावची यात्रा, सुगीचे दिवस, दिवाळी हे सारे त्यावर दोघांनी मिळून लिहावे. ज्या दिवशी अर्धा वर्ग यात्रेला जाणारच आहे, त्या दिवशी नवीन धडा सुरू न करणे शिक्षकांच्या हातात आहे. आणि चाचणी दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी आहे हे जूनमध्येच कळले, तर परतीची गाडी एक दिवस आधीची धरणे पालकांच्या हातात आहे.

मूल आले नाही तर त्याच दिवशी घरी फोन जावा. बाईंना वेळ नसेल तर एसडीएमसीतील एका पालकाने ते काम पाळीने घ्यावे. सूर विचारपूस करण्याचा असावा. पालकांनीही फोनची वाट न बघता सकाळीच कळवावे. व्हॉट्सअॅपवर शुभेच्छांची चित्रे आपण रोज पाठवतो, त्यात एक ओळ जड नाही.

दर महिन्याच्या बैठकीत पहिला विषय हजेरीचा असावा. नावे वाचून दाखवू नयेत, नुसती संख्या सांगावी. महिन्यात तीनपेक्षा जास्त दिवस न आलेली मुले किती आणि कारणे कोणती. ज्या घरी जायचे तिथे एक शिक्षक आणि एक शेजारी पालक असे दोघे जावेत.

आता आपल्या मंडळाकडे वळतो, कारण दुसऱ्यांना सांगण्याआधी घरचे बघायला हवे. दरवर्षी आपण 'शंभर टक्के हजेरी'चे बक्षीस देतो. हेतू चांगला होता. पण मागच्या वर्षी एक आई म्हणाली, "ताप असतानाही पोरगी हट्टाने गेली हो, बक्षीस चुकेल म्हणून." आजारी मुलाने घरीच थांबायला हवे. त्यामुळे ते बक्षीस बंद करून, मागच्या वर्षीपेक्षा ज्याची हजेरी सुधारली त्याला शाबासकी द्यावी, असे आम्ही सुचवतो. वर्गातल्या पहिल्या मुलाला बक्षिसे पुष्कळ मिळतात. साठ दिवस बुडवणाऱ्याने वीसच बुडवले तर त्याच्या घराने जे कष्ट घेतले, ते कोणी पाहत नाही.

दुसरी चूक याहून मोठी. गणेशोत्सवातील आपल्या नाटुकल्यांच्या तालमी, समूहगीतांच्या स्पर्धा, पाहुण्यांच्या स्वागताला लेझीम पथक, हे सगळे आपण शाळेच्या वेळेत ठेवत आलो. मुख्याध्यापकांना पत्र दिले की मुले सुटतात, कारण मंडळाला नाही म्हणायचे अवघड असते. मराठी संस्कृतीसाठी म्हणून मराठी मुलांचे गणिताचे आणि कन्नडचे तास आपणच बुडवले. किती दिवस, याची नोंद आपल्याकडे नाही. शाळेच्या हजेरीपटावरही नाही, कारण त्यावर त्या मुलांपुढे 'हजर' लिहिलेले आहे आणि मुले वर्गात नव्हती.

यंदाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत की विद्यार्थ्यांचा सहभाग असलेला मंडळाचा कोणताही कार्यक्रम, तालमीसह, शाळेच्या वेळेत होणार नाही. तालमी संध्याकाळी साडेपाचनंतर किंवा रविवारी. पाहुणे सकाळी अकरालाच येणार असतील तर लेझीम मोठ्यांनी खेळावे. आमच्या गुडघ्यांना ते जमेल की नाही हा प्रश्न आहे, पण तो आमचा आम्ही बघू. ठरावाला विरोध असेल त्यांनी बैठकीला जरूर यावे. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी तर यावेच, आणि येताना मुलाच्या मागच्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकातील हजेरीचे पान उघडून पाहून यावे.